कॉलरमागची खूण

"ताईला सांग, मी बरी आहे," पडद्यावरची धाकटी म्हणाली, आणि फोनपासून बरोबर दीड हातावर, टांगलेल्या कोटांच्या रांगेमागे उभ्या असलेल्या ताईच्या काळजावर कुणीतरी तापलेली इस्त्री आडवी ठेवून खुशाल निघून गेल्यासारखं झालं!

आईने इमानेइतबारे मान वळवली. "ताई, ती बरी आहे."

"ऐकलं."

"ऐकलं म्हणते," आईने फोनला कळवलं.

गेले चार महिने हे असंच चाललं होतं. दर रविवारी दुपारी लाँड्रीचं शटर अर्धं ओढलं जाई, इस्त्रीच्या टेबलावर डब्याला टेकवून फोन उभा केला जाई, आणि दोन सख्ख्या बहिणी, दोघींचेही कान उत्तम असताना, एका आईच्या मार्फत एकमेकींशी अबोला पाळत. आईचे बिचारीचे हाल व्हायचे. कधीकधी तिचा गोंधळ उडून ती ताईचं ताईलाच सांगायची.

भांडणाचं कारण म्हणावं तर एक शाईचा डाग... पण त्या डागामागे बारा वर्षं होती!

बारा वर्षांपूर्वी आप्पांची कंबर धरली. म्हणजे या दोघींच्या वडिलांची. कपड्यांच्या ओल्या गाठोड्यांनी त्यांची पाठ अशी वाकवली की डॉक्टरांनी खुर्ची दाखवली आणि आप्पा तिच्यात जे बसले ते बसलेच. त्याच आठवड्यात ताईला कापड आणि रंगांचं शास्त्र शिकवणाऱ्या कॉलेजचं प्रवेशपत्र आलं होतं. तिने ते इस्त्रीच्या टेबलावरच्या घोंगडीखाली सरकवलं आणि म्हणाली, "तात्पुरतं सांभाळते दुकान." त्या तात्पुरत्याला आता बारा वर्षं झाली होती. कुठल्याही कॉलेजचं इतकं कडक इस्त्रीचं प्रवेशपत्र दुसरं नसेल! धाकटी तेव्हा नऊ वर्षांची, हँगरांशी खेळणारी. तिची वेणी, तिचा अभ्यास, तिचा ताप, सगळं ताईने त्याच टेबलापाशी उभं राहून केलं; आणि परदेशातल्या विद्यापीठात एका सत्रासाठी तिची निवड झाली, तेव्हा आनंदाने गिऱ्हाइकाची पँट जाळलीही ताईनेच.

आता शाईचं. लाँड्रीत प्रत्येक घराला एक आकडा असतो, आणि प्रत्येक कपड्याला कॉलरच्या आत, मानेपाशी, कधीही न जाणाऱ्या शाईने तो घातला जातो. आप्पांनी दुकान काढलं तेव्हा पहिल्या गिऱ्हाइकाला एक नंबर दिला तर आपण पहिलेच हे कळून ते घाबरून पळून जाईल म्हणून त्याला आठ दिला, स्वतःच्या घराला सात घेतला, आणि एक ते सहा हे आकडे अजूनही कुणाची तरी वाट पाहत आहेत. सातात ताईची खूण ७/१. धाकटीची ७/२. कपडा एकाचा दुसऱ्याकडे गेला, तर जुन्या खुणेवर बारीक आडवी रेघ आणि शेजारी नवी खूण, हा आप्पांचा नियम.

धाकटी निघाली त्याच्या आदल्या दिवशी ताईने तिच्या बॅगेतल्या एकतीसच्या एकतीस कपड्यांना खुणा केल्या. वसतिगृहात सगळ्यांची धुणी एका खोलीत होतात, असं तिने कुठेतरी वाचलं होतं. हरवायला नको! पण डोळे भरून येत होते, आणि सगळ्यात शेवटी हातात आला तो पांढराशुभ्र नवाकोरा शर्ट. कोऱ्या कापडाची खळ धुऊन काढल्याशिवाय शाई लावायची नसते, नाहीतर ती पसरते. हे लाँड्रीतल्या मांजरालाही ठाऊक. पण धुतला की तो कोरा कसला? धाकटीने पहिल्या दिवशी कोरा शर्ट घालावा, एवढीच तर तिची इच्छा होती... तिने तसाच लावला.

धाकटीने पहिल्या दिवशी तो घातला, केस वर बांधले, आणि वर्गात मागच्या बाकावरच्या एकाने आदबीने विचारलं, "हा तुझा कैदी क्रमांक आहे का?" शाई आरपार आली होती. अख्खा वर्ग हसला. त्याच दिवशी फोन आला.

"ताई, तू मला बहीण समजतेस की गिऱ्हाइकाचं गाठोडं?"

ताईला सांगायचं होतं... किती काय सांगायचं होतं! पण तोंडातून निघालं ते एवढंच, "गाठोडी भांडत नाहीत."

झालं. तेव्हापासून टपालखातं आईकडे.

आणि आज, परतीला तीन आठवडे उरले असताना, धाकटी म्हणाली, "आई, सर विचारतात, त्यांच्या प्रयोगशाळेत आणखी सहा महिने काम करशील का. पुढच्या रविवारपर्यंत सांगायचंय. ताईला विचार... दुकानाचं जमेल का."

आईचा चेहरा धुतलेल्या लोकरीसारखा आकसला. कारण धाकटी परतल्यानंतरच्या शनिवारी ताईचं लग्न ठरलं होतं, बत्तिसाव्या वर्षी, समोरच्या फुटपाथवरच्या चष्मेवाल्याशी, आणि ते धाकटीला सांगायचं नाही अशी ताईची सक्त ताकीद होती. 'कळलं तर परीक्षा टाकून धावत येईल,' हे तिने आईला दिलेलं कारण. 'जिला माझ्याशी बोलायचं नाही तिला कशाला सांगू?' हे स्वतःला दिलेलं. दोन्ही कारणं खरी होती आणि दोन्ही रडत होती.

कोटांच्या मागून एक हँगर बाहेर आलं आणि हवेत होकारार्थी हललं. राहू दे, सांग.

"ताई म्हणते, राहा," आई म्हणाली. फोन बंद झाला, आणि आईचा बांध फुटला. "अगं, लग्नाचं काय तुझ्या?"

"ती नसताना मी लग्नाच्या नोंदणीवर सही करणार नाही. आणि तिला बोलावणारही नाही."

"मग करणार तरी काय?"

"इस्त्री," ताई म्हणाली, आणि तिने इस्त्रीचं बटण दाबलं.

दुसऱ्या दिवशी ती रस्ता ओलांडून चष्मेवाल्याकडे गेली. चाळिशीचा, सावकाश बोलणारा, समोरच्याच्या नाकावर चष्मा नीट बसेपर्यंत श्वास रोखून धरणारा माणूस. त्याने सगळं ऐकलं. हातातली काच तीनदा पुसली.

"सहा महिने," तो म्हणाला. "अहो, 'आता दिसतं का? आणि आता?' असं लोकांना विचारण्यात माझा जन्म गेला. वाट बघणं हा माझा धंदाच आहे. पण एक विचारू? एवढ्या थंडीत मी दिलेला कोट का घालत नाही तुम्ही?"

"धुवायला टाकलाय."

"चार महिने? मग मला दुसरी लाँड्री बघायला हवी."

ती हसली. हसता हसता तिला तिथून पळावं लागलं... कारण इतक्या मायेने कुणी थट्टा केली की माणसाने रडू लपवायचं तरी कुठे!

पुढचा रविवार उजाडला. डब्याला टेकलेला फोन वाजला, ताई कोटांमागे गेली, आई समोर बसली.

"आई," पडद्यावर धाकटीचे डोळे सुजलेले होते. "ताईला म्हणावं, समोर ये."

"ताई, ती म्हणते..."

"आई, तू थांब! ताई, मला माहितीये तू तिथेच आहेस. कोटाखाली तुझे पाय दिसतात. गेले चार महिने दिसताहेत."

ताई बाहेर आली नाही. धाकटीच बोलत सुटली.

"काल आमच्या धुण्याच्या खोलीत पाणी भरलं. कुणीतरी घाईघाईने सगळी यंत्रं रिकामी केली आणि चाळीस जणींचे कपडे एका ढिगात! नुसती रडारड. माझे पाच मिनिटांत सापडले. कॉलर उलटली, सात दिसला, माझा! मुली म्हणाल्या, तुझी बहीण किती हुशार गं... तेव्हा पहिल्यांदा मी त्या खुणा नीट बघितल्या, ताई. रागापायी एकही कॉलर उलटून बघितली नव्हती मी." तिचा आवाज फुटला. "एकतीसांतल्या नऊ कपड्यांवर रेघ आहे. ७/१ वर रेघ, शेजारी ७/२. तो हिरवा स्वेटर, तो निळा झगा... सगळे तुझे! वर नव्यासारख्या टाचण्या, पुठ्ठा, पातळ कागद, नवी बटणं... आणि मला म्हणालीस, सगळं दुकानातून आणलंय!"

"दुकानातूनच आणलं," कोटांमागून आवाज आला. "आपल्या."

"समोर ये, ताई."

आता आला तो क्षण, जो ती सतरा रविवार टाळत आली होती. धाकटीला वाटत होतं, ताई रागाने लपते. रागही होताच, नाही कसा! पण खरं कारण फार साधं होतं. ताईने दोन कोट बाजूला सारले आणि ती फोनसमोर येऊन उभी राहिली, कोपरावर विरलेला तपकिरी झगा घालून.

धाकटी बघत राहिली. "हाच? सगळे रविवार हाच?"

"धुतलेला आहे," ताई म्हणाली.

त्या दोन शब्दांनी पलीकडे जे झालं ते पडद्यात मावलं नाही. काही वेळ नुसतं छत दिसत होतं आणि हुंदके ऐकू येत होते. मग नाक ओढत धाकटी परत आली. तिच्या हातात एक पिवळं फडकं होतं.

"आणि तो जाड कोट. त्यावर नुसतंच ७/१ आहे. रेघच नाही."

"राहिली असेल. घाई होती."

"तुझ्या हातून? आप्पांच्या रुमालालाही तू दोन खुणा करतेस!"

त्या दिवशी ताईची लेखणी कॉलरपर्यंत गेली होती. धाकटीला तिथे थंडी वाजू नये म्हणून कोट तर द्यायचाच होता... पण ती एक रेघ मारायला हात धजावला नव्हता.

"आई," धाकटीने फडकं पडद्याला चिकटवलं, "चष्मे पुसायचं हे फडकं ताईच्या कोटाच्या खिशात काय करतंय? मी चार महिने याने नाक पुसतेय!"

आईने चार महिने जे पोटात दाबून धरलं होतं ते एका दमात बाहेर आलं: चष्मेवाला, कोट, लग्न, शनिवार, ताकीद, हँगर... मध्ये श्वास घेतला नाही, स्वल्पविरामही नाही.

मग धाकटी म्हणाली, "मी येतेय. ठरल्या दिवशी."

"खबरदार!" ताई कडाडली. "हातातलं काम सोडून आलीस तर शटर उघडणार नाही!"

"सरांना विचारते, महिनाभराने रुजू होऊ का. नाही म्हणाले तर नाही. पण दुसऱ्याचा कपडा राहिलाय माझ्याकडे. आपल्या दुकानाचा नियम आहे, वेळेवर परत द्यायचा."

"बरोबर!" खुर्चीतून आप्पा गरजले. त्या रविवारचा त्यांचा हा पहिला आणि शेवटचा शब्द.

सर महिनाभर थांबायला तयार झाले. धाकटी आली. बॅग घेऊन वर घरी न जाता ती गल्ल्यासमोर रांगेत उभी राहिली, दोन गिऱ्हाइकांच्या मागे, आणि नंबर आल्यावर तिने कोट समोर ठेवला. ताईने कॉलर उलटली, खूण बघितली, वही उघडली. पण आकडा लिहायला गेली तर कागद ओला झाला होता. मग दोन्ही गिऱ्हाइकं सभ्यपणे भिंतीकडे बघू लागली.

लग्नाच्या सकाळी धाकटीने मोतिया रंगाचा बंद गळ्याचा नवा पोशाख ताईच्या हातून काढून घेतला. "आज इस्त्री मी करणार," म्हणून तिने खाली दुकानात स्वतःला कोंडून घेतलं. ताई वर येरझारा घालत राहिली. आयुष्यात पहिल्यांदा तिचा कपडा दुसरं कुणी इस्त्री करत होतं.

नोंदणी कार्यालयात ती सही करायला वाकली, केस वर बांधलेले, आणि मागे कुणीतरी खुदकन हसलं. चष्मेवाल्याने कपाळावरचा चष्मा खाली ओढला, तिच्या मानेजवळ वाकला आणि अक्षरांचा तक्ता वाचावा तसं सावकाश वाचलं, "सात... भागिले... एक."

ताईचा हात मानेमागे गेला. "खळ न धुता शाई लावलीस?" ती वळून ओरडली. "कोऱ्या कापडाला? पसरली ना!"

"पसरली," धाकटी म्हणाली. डोळे वाहत होते आणि ती हसत होती. "तू परक्या घरी चाललीस. तिथली धुणी कशी होतात कुणास ठाऊक... हरवायला नको."

ताईने तिला जवळ ओढलं. किती तरी वेळ सोडलं नाही. नोंदणी कारकुनाने घड्याळ बघितलं, आप्पांनी कारकुनाकडे बघितलं, आणि कारकुनाने घड्याळ बघणं सोडून दिलं.

"पण मला एक सांगा," चष्मेवाल्याने आईला हळूच विचारलं, "यावर पुढे रेघ मारायची असते ना? मालक बदलला की?"

"मारून बघा," आई म्हणाली.

चष्मेवाल्याने लेखणी उचलली आणि मुकाट्याने स्वतःच्या जागी सही केली.