दार उघडणारा

राजाच्या हद्दीचा शेवटचा दगड मागे पडला, की पुढे कुणाचंच राज्य नव्हतं. पांढऱ्या खारट माळावर जेमतेम एक गल्ली उभी होती, आणि आभाळात दोन सूर्य असल्यामुळे तिथल्या माणसांना दोन-दोन सावल्या पडायच्या. त्या गल्लीत नालबंदाचं घर होतं. पुढच्या खोलीत भट्टी, मागे संसार. व्यापारी येवो की लुटारू, जनावर आणायचं, नाल ठोकून घ्यायचे, चालू पडायचं. तू कोण, कुठला, असं तिकडे कुणी कुणाला विचारत नसे. विचारणारे फार टिकत नसत. नालबंदाने तोंड बंद आणि हात चालू ठेवून दिवस काढले होते.

त्या दुपारी बायको विहिरीवर गेली होती. नालबंद खिळे तापवत होता. लांबून टापा आल्या. लुटारूंच्या बुटक्या, खवल्यांच्या जनावरांच्या. नाल त्यानेच ठोकलेले, तो आवाज त्याला पाठ होता. त्याने उठून दाराला आगळ घातली. तेवढ्यात दारावर थापा पडल्या.

"भावोजी, मी आहे. उघडा."

बायकोचा धाकटा भाऊ. तो पाण्याचा गाडा हाकायचा. लुटारूंनी माळावर गाठला असणार त्याला. नालबंदाचा हात आगळीवर होता. एका हाताने निघेल इतकी हलकी आगळ.

"भावोजी, आत आहात ना? धूर दिसतोय."

नालबंदाने आगळीवरचा हात काढून घेतला. पलीकडे काहीतरी जमिनीवर आपटलं. मग टापा दूर गेल्या.

बऱ्याच वेळाने त्याने दार उघडलं. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. उंबऱ्याशी मेहुण्याची एक चप्पल पडली होती. बायको यायच्या आत त्याने ती भट्टीत टाकली. जळक्या कातड्याचा वास घरभर पसरला, आणि त्याला स्वतःचीच किळस आली.

बायकोला काय सांगायचं ते मनाशी जुळवत तो मागच्या खोलीत गेला. मेहुणा चुलीपाशी बसून पाणी पीत होता. एक पाय अनवाणी.

"भावोजींनी वाचवलं गं, ताई," बायको आल्यावर तो एवढंच म्हणाला. तिचे डोळे भरून आले. नालबंदाने मान खाली घातली. तिला तो त्याचा विनय वाटला.

दुसऱ्या दिवशी समोरची कुंभारीण मुद्दाम आली. "खिडकीच्या फटीतून पाहिलं मी. दार उघडून पोराला आत घेतलंत. पुढचं बघायचा धीर झाला नाही, फट बुजवून घेतली. आमच्या घरधन्याचं तर उंदीर दिसला तरी पाणी पाणी होतं." गल्लीत जो तो त्याचे गोडवे गाऊ लागला. प्रत्येक शाबासकी नालबंदाला थोबाडीत बसल्यासारखी लागायची.

एका सकाळी मेहुणा भाता मारत असताना त्याला राहवलं नाही.

"मी दार उघडलं नव्हतं."

भाता थांबला.

"माहीत आहे," मेहुणा म्हणाला.

"मग उघडलं कुणी?"

"भावोजींनी. मला आत ढकललं आणि स्वतः बाहेर राहिले. लुटारू त्यांना घेऊन गेले."

"अरे, मी इथे उभा आहे."

मेहुण्याने वर पाहिलं नाही. "आपल्याकडे कुणी कुणाला विचारत नाही. ताईला मी सांगितलंय, तिनेही तुम्हाला विचारलं नाही."

भाता पुन्हा चालू झाला.

नालबंद आत आला. बायकोने एकच पान वाढलं होतं. तो जवळून गेला तशी ती अंग चोरून भिंतीला टेकली. तिला सगळं सांगून टाकावं, पाय धरावेत, असं त्याच्या मनात आलं. पण दोघांतला गेला तो उजवा होता, हे तिला कळलेलंच होतं. तो मुकाट्याने पानावर बसला.

"तू नाही बसत?"

"तुम्ही घ्या ना," ती अदबीने म्हणाली. "मी आमचे हे आल्यावर बसेन."