मस्त आहे म्हणणाऱ्या तिघी

शर्वरी नाईकवडी आज स्वतःशीच बोलायला आली होती, आणि तिला भीती वाटत होती. सोलापूरच्या त्या इस्पितळातल्या एका खोलीत भिंतीवर तीन पडदे होते. पहिल्या दोन पडद्यांवर तीच बसलेली होती, पण आजची नव्हे, दहा वर्षांनंतरची. चांगली बारीक झालेली. तिसरा पडदा काळा होता.

"घाबरू नका," डॉ. बागेश्री लाटकर म्हणाल्या. "ह्या तुमच्या प्रतिदेही."

प्रतिदेही म्हणजे माणसाची संगणकात जगणारी नक्कल. रक्त, चरबी, आतड्यातले जंतू, सगळं मोजून घ्यायचं. आठवडाभर माणसाचं बोलणं-वागणंही टिपायचं, कारण भूक निम्मी पोटात असते आणि निम्मी डोक्यात. नकलेभोवती घर, घरची माणसंही तशीच उभी करायची. मग शस्त्रक्रिया खऱ्या माणसावर न करता आधी नकलेवर करायची आणि तिची दहा वर्षं एका दिवसात पळवायची. फार लठ्ठ माणसाचा निर्णय त्यामानानं सोपा असे. पंचाईत व्हायची ती शर्वरीसारख्या मधल्या वजनाच्या लोकांची. फायदा-तोटा जवळजवळ तोलामोलाचा, आणि कापून टाकलेलं पोट काही परत लावता येत नाही.

वजनाचं तिला एवढं काही नव्हतं. भीती साखरेची होती. साखरेनं तिच्या आईचा आधी पाय गेला आणि मग आई गेली. 'मला काही झालं नाही गं,' म्हणता म्हणता गेली.

"पहिलीची केलीय स्लीव्ह," डॉक्टर म्हणाल्या. "पोटाची पिशवी उभी कापून केळ्याएवढी ठेवायची. दुसरीचा बायपास. पोट अगदी छोटं करायचं आणि अन्न आतड्यात आडवाटेनं पुढे सोडायचं. दोघींची साखर उतरलीय. आकडे झकास आहेत."

"मग मी कशाला बोलायचं? द्या ना तुम्हीच सांगून."

"दुखणं मोजायचं यंत्र अजून कुणाला जमलेलं नाही, शर्वरीताई. ते विचारावंच लागतं. विचारा."

शर्वरी पहिल्या पडद्याकडे वळली. "कशी आहेस?"

"मस्त!" पहिली हसली. "सगळं खाते, फक्त थोडं थोडं."

"आणि तू?"

"मीही मस्त गं," दुसरी म्हणाली. "काही त्रास नाही."

डॉक्टरांनी समाधानानं मान डोलावली. शर्वरीला मात्र ते पटलं नाही. हे 'मस्त' तिच्या चांगलं ओळखीचं होतं. अंगात ताप असताना सासूबाईंना फोनवर ती ह्याच सुरात सांगायची. आईही ह्याच सुरात सांगायची, पाय काळा पडेपर्यंत.

काय विचारलं तर ही बया खरं बोलेल? शर्वरीला एकच गोष्ट सुचली.

"सगळ्यांची जेवणं झाली की कढईतल्या उरलेल्या भाजीचं काय करतेस?"

पहिलीचं हसू मावळलं. "टाकवत नाही गं," ती हळूच म्हणाली. "ओट्यापाशी उभ्या उभ्या खाते. पोरीनं टाकलेली अर्धी पोळीसुद्धा."

"थांबा," डॉक्टर शर्वरीकडे वळून ताडकन म्हणाल्या. "काय खाता ते आम्ही विचारलं होतं, तेव्हा हे का नाही सांगितलंत?"

"अहो, ते काय जेवण आहे?" शर्वरी म्हणाली. "ते उरलेलं. वाया जाऊ नये म्हणून."

डॉक्टर कपाळाला हात लावून खाली बसल्या. पहिली मात्र आता बोलायची थांबेना. "छातीत आग होते. आंबट पाणी घशाशी येतं, आडवं होता येत नाही, उशांना टेकून बसल्या बसल्या डोळा लागतो. उरलेलं खाते आणि मोरीत जाऊन ओकते. नळ सोडून, कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून."

"मला गोड चालत नाही," दुसरी घाईघाईनं म्हणाली. "पोरगी ताटात शिरा टाकून उठते. तेवढा खाल्ला की घाम फुटतो, छाती धडधडते, वाटतं आता पडणार. भिंतीला धरून उभी राहते. बाकी मस्त."

"आणि घरी कुणाला सांगितलं नाहीस?" शर्वरीनं विचारलं.

"तू सांगितलं असतंस?"

शर्वरीनं तिसऱ्या पडद्याकडे बोट केलं. "ती?"

"ती शस्त्रक्रिया न केलेली," डॉक्टर म्हणाल्या. "आठव्या वर्षी गेली. मूत्रपिंडं."

"शेवटी काय म्हणाली?"

डॉक्टरांनी कळ दाबली. काळ्या पडद्यातून शर्वरीचाच दमलेला आवाज आला: "मस्त आहे. काळजी करू नका."

शर्वरी तिन्ही पडद्यांकडे आळीपाळीनं बघू लागली. कापून घेतलं तर हे, न घेतलं तर ते, आणि आपणच आपल्याला खरं सांगत नाही! तेवढ्यात दार ढकलून ओंकार, तिचा नवरा, आत आला. बाहेर बसून कंटाळला होता बिचारा.

"काय ठरलं? घाबरलीबिबरली नाहीस ना?"

मला फार भीती वाटतेय, असं तिला म्हणायचं होतं. अगदी जिभेवर होतं.

"छे! मस्त आहे," ती म्हणाली.

"झालं तर मग." ओंकारनं मोबाइल खिशात टाकला. "कुठं सही करायची, डॉक्टर?"

"ओंकार, ती खोटं बोलतेय," पहिली पडद्यावरून म्हणाली. "घाबरलीय ती. परत विचार तिला."

ओंकार दचकला. त्यानं बायकोकडे पाहिलं, मग पडद्याकडे, मग परत बायकोकडे. शर्वरी वाट बघत राहिली. सतरा वर्षांच्या संसारात तिला कुणी दुसऱ्यांदा विचारलं नव्हतं. आत्ता त्यानं विचारलं असतं तर तिनं सगळं सांगितलं असतं.

ओंकारनं तिच्याकडे पाठ केली आणि खुर्ची पडद्यासमोर ओढली.

"बरं, तू सांग," तो पडद्याला म्हणाला. "काय होतंय तिला?"