ज्याला उत्तर येईल त्याने

बहिणीच्या पत्राला धर्मराजांनी बरेच दिवस उत्तर दिलं नव्हतं. फोनवर त्यांना ऐकू येत नसे, म्हणून दीपमाला कागदावरच लिही. 'दादा, नातवाचं जावळ देवीपुढे काढायचंय. संस्थानचं भक्तनिवास म्हणजे आपली जुनी शाळाच. लेकरांना घेऊन तिथं उतरावं का, बघून कळव.'

काय कळवणार? तिथं उतरलेली माणसं सुजलेल्या गालांनी एसटीत बसतात, असं बाजारात बोललं जाई. सारी हयात वाचनालयात काढलेल्या माणसाने असलं काही लिहावं? शेवटी एका दुपारी ते स्वतःच गेले.

निजामाच्या काळातली काळ्या दगडाची इमारत. वर्गांत आता गाद्या, फिनेलचा वास, फळ्यांवर चुना. धर्मराज इथंच शिकले. शाळेची एक रीत होती : ज्याला उत्तर येईल त्याने बाकीच्यांच्या मुस्काटात मारायची. हात हलका पडला, तर मास्तर त्यालाच फोडून काढत.

"बगा काका," राखणदार बंकट म्हणाला. "पन कुनी काय इचारलं तर गप ऱ्हावा."

"कावून?"

"आपलं सांगितलं."

मोठ्या वर्गात कडा गावचं एक कुटुंब भिंतीशी रांगेत बसून भाकरी खात होतं. युवराजने आपल्या लेकीला, संस्कृतीला, सहज विचारलं, "तेरा सत्ते किती गं?"

"एक्याण्णव!"

पोरगी उठली आणि तिने आजीच्या मुस्काटात मारली.

"अगं माय, लई शानी झाली की!" साखराबाई हसल्या. आईला बसली तेव्हा हसू ओसरलं. बापाचा ओठ फुटला. कुणी हात आडवा घातला नाही. सगळ्यांनी हात मांडीवर ठेवून गाल पुढे केले होते.

"चौदा सत्ते?" या वेळी कुणी विचारलं, ते धर्मराजांना दिसलं नाही.

"अठ्ठ्याण्णव," पोरगी रडत म्हणाली आणि पुन्हा आजीपासून सुरू झाली. साखराबाईंची कवळी रक्तासकट भाकरीवर पडली.

"सतरा नव्वे?"

पोरीने तोंड उघडलं. आणखी एक फेरी म्हातारीला सोसली नसती.

चार माणसांत कधी न बोललेले धर्मराज बोलले. "एकशे त्रेपन्न."

पोरगी रांगेत जाऊन बसली. तिनेही गाल पुढे केला.

हात हलका ठेवायचा, असं त्यांनी ठरवलं होतं.

हात हलका पडला नाही.

बंकट बादली घेऊन आला. "तरी सांगितलं हुतं, काका."

बेशुद्ध साखराबाईंना उचलून नेताना युवराज दारात थांबला. फुटल्या ओठांनी म्हणाला, "उद्या पाठ करून येतो, सर."

सकाळी धर्मराजांनी लिहिलं : 'लेकरांना आणू नकोस. कारण विचारू नकोस.' सुजलेल्या बोटांनी कसाबसा पत्ता घातला आणि पोस्टात गेले.

"पिनकोड ऱ्हायला, काका," खिडकीतली माया म्हणाली. "असं पत्र लई उशिरा पोचंल." तिने मान उंचावून रांगेला विचारलं, "बार्शीचा पिन कुनाला येतो का?"

कुणालाच येत नव्हता. धर्मराजांना येत होता. ते गप्प राहिले. मग बहिणीच्या नातवंडांची तोंडं डोळ्यांपुढे आली आणि त्यांनी आकडे सांगितले.

मायाने ते लिहिले, शिक्का मारला, पत्र पिशवीत टाकलं.

धर्मराज वळले. रांगेतल्या पहिल्या बाईंनी चष्मा काढून जपून पिशवीत ठेवला होता.