करकरणारी गाडी आणि पूजेतली चावी

"रक्षिता, वेण्या आवर गं! मला सांगाडा दिसायच्या ऐवजी तुझ्या रिबिनीच दिसतायत!" शिवलीला म्हणाली.

खंडेनवमीच्या सकाळी बेळ्ळंदूरच्या त्या सोसायटीत तीन मुलं गोल्फ कार्टच्या पोटाखाली आडवी झाली होती. बारा वर्षांच्या शिवलीलेच्या नाकाला ग्रीस, तिच्या वर्गातल्या रोशनच्या हातात टॉर्च, आणि दहा वर्षांची रक्षिता उगाचच सगळ्यांच्या मध्ये!

ही गाडी म्हाताऱ्या मंडळींना इमारतीपासून उतारावरून खालच्या हिरवळीवर न्यायची. आठवडाभर ती अशी करकरत होती, की तळ्यातले बेडूक वैतागून दुसरीकडे घर शोधायला लागले होते म्हणे! आणि काल अचानक मागच्या चाकांवरच्या लोखंडी सांगाड्यावर वीतभर ताजा काळा रंग.

"अख्खी गाडी सोडून एवढ्याशाच जागी रंग?" रोशननं नाण्यानं खरवडलं. रंग निघाला. त्याखालून राखाडी लांबी, भोकं बुजवायचा लगदा, निघाली. आणि लांबीखाली केसाएवढी रेघ!

"लोखंडाला तडा गेलाय!" शिवलीला ओरडली. "आणि यांनी बुजवलाय! दातातली कीड बुजवल्यासारखा!"

"कोण आहे रे खाली? निघा आधी बाहेर!" सोसायटीचे मॅनेजर यशोवर्धन सर वर उभे होते. पुण्याहून येऊन त्यांना दोन वर्षं झाली होती, आणि तेवढ्यात ते कन्नडमधलं एकच वाक्य शिकले होते, 'जरा सांभाळून घ्या' अशा अर्थाचं.

"सर, फ्रेम क्रॅक आहे!"

"रंगाचा पापुद्रा असेल. स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी!"

"लोखंड कसं अ‍ॅडजस्ट करणार, सर?"

"हे बघा, अकराला आयुधपूजा. पाचला सहा आज्ज्या या गाडीतून बोंबे, दसऱ्याच्या बाहुल्या, बघायला जाणार. फायनल! उगाच पॅनिक करू नका!" आणि सर झेंडूच्या माळा मोजायला निघून गेले.

रक्षिताचा चेहरा उतरला. त्या सहा जणींत तिची अज्जी होती, अंबूबाई! गुडघ्याच्या ऑपरेशननंतर दोन महिने अज्जी घराबाहेर पडली नव्हती. हिरवळीवर मांडलेल्या बाहुल्यांत तिच्या माहेरचे राजाराणी होते, आणि आज ते बघायला ती सकाळपासून जरीचं लुगडं नेसून बसली होती.

तिघं धावत मागच्या गल्लीत भगवंतराव अण्णांच्या वेल्डिंगच्या दुकानात गेली. तिथं वेगळाच घोटाळा! वेल्डिंगचं मशीन, ग्राइंडर, हातोडे, सगळं हार घालून पाटावर बसलेलं!

"आज नाही रे बाळांनो," अण्णा म्हणाले. "पूजेत ठेवलेलं हत्यार उद्यापर्यंत उचलायचं नाही. आजोबांपासूनची रीत आहे."

"पण अण्णा, पाच वाजता गाडी उतारावर जाणार!"

"त्यात कुणाला बसू देऊ नका! तडा वाढत जातो. उद्या पहाटे पहिलं काम तुमचं, सरी? चालेल ना?" मग त्यांनी शिलाई मशीनच्या तेलाची बाटली शिवलीलेच्या हातात ठेवली. "मोठ्यांना पटत नसेल, तर हे भेगेवर चोळायचं, पुसायचं, वर रांगोळी भुरभुरायची. आत मुरलेलं तेल बाहेर येऊन रेघ दाखवतं."

परतताना तिघं धुसफुसत होती. "मोठ्यांना सगळं कळतं म्हणे! करकर ऐकू येत नाही, तडा दिसत नाही!"

रक्षिता मध्येच थबकली. "पूजेत ठेवलेलं उचलायचं नाही... मग चावीच पूजेत ठेवली तर?"

दोघं तिचा हात धरून थेट अज्जीकडे पळाली. पहिल्यांदाच रक्षिता बरोबर जागी मध्ये आली होती!

अज्जीनं सगळं ऐकून घेतलं. एकदा जरीच्या काठावरून हात फिरवला. "बोंबे उद्याही असतात गं," ती म्हणाली. "चला."

अकरा वाजता लिफ्टनं, काठी टेकत, ती पार्किंगमध्ये हजर झाली. पूजेचं ताट पुढे आलं तसा तिनं मॅनेजरांपुढे हात पसरला. "चावी द्या. गाडीची पूजा चावीसकट हवी."

सरांनी हसत चावी दिली. अज्जीनं ती ताटात ठेवली, हळदकुंकू वाहिलं आणि वर मोठ्ठा झेंडू ठेवला. "झालं! आता उद्यापर्यंत हिला हात लावायचा नाही. आमच्या घरची खंडेनवमी अशीच असते."

"अहो पण आजी, पूजेनंतर चाकं लिंबांवरून न्यायची रीत आहे ना!" सर म्हणाले.

"ढकला की! माणसं कशाला आहेत?"

चौघा वॉचमननी रिकामी गाडी हातभर ढकलली. लिंबं चिरडली आणि गाडीनं 'कर्रर्र' असा सूर काढला, की पुजारी मंत्रच विसरले! तेवढ्यात शिवलीला खाली सरपटली. तेल चोळलं, पुसलं, रक्षितानं मूठभर रांगोळी उडवली. पांढऱ्या भुकटीत हळूहळू काळी रेघ उमटली. चांगली वीतभर, खालच्या कडेपर्यंत!

"बघा, सर!" रोशन म्हणाला. "पापुद्रा!"

सर वाकले. त्यांनी रेघेवरून बोट फिरवलं. "सहा जणींना बसवणार होतो मी..." ते पुटपुटले. "लांबी मीच लावायला सांगितली होती. सणात गाडी बंद नको म्हणून."

दसऱ्याच्या पहाटे भगवंतराव अण्णांनी आधी बॅटऱ्या काढून बाजूला ठेवल्या. रंग घासला, तडा पुढे पळू नये म्हणून त्याच्या टोकाला भोक पाडलं, मग वेल्डिंग केलं आणि वरून पोलादी पट्टी जोडली. मुलांना पाठ करून उभं केलं होतं, तरी भिंतीवर नाचणारा निळा उजेड त्यांनी मनसोक्त बघितला. जोड आपोआप गार झाल्यावर सर म्हणाले, "पहिली फेरी माझी!" सहा वॉचमन घेऊन ते चार वेळा उतारावरून गेले. गाडी हूं नाही की चूं नाही!

मग अज्जी बसली. खाली पोचून तिनं आपल्या राजाराणीला डोळे भरून बघितलं आणि मुलांना जवळ बोलावलं. "शाबास रे! डोळे उघडे ठेवलेत म्हणून आम्ही सहा जणी धडधाकट आहोत."

तिनं शिवलीलेच्या हातातली तेलाची बाटली घेतली, बोंब्यांपुढं ठेवली आणि तिला कुंकू लावलं.

"काल एवढं एक हत्यार पूजायचं राहिलं होतं!"

यशोवर्धन सरांनी सगळ्यांच्या आधी हात जोडले.