कातरणारा आणि शोधणारी

कलबुर्गीच्या प्रयोगशाळेत इनक्युबेटरच्या एकाच मुठीला दोन हात एकदम लागले. एक कमठाण्याच्या पंचशीलाचा, दुसरा मंठाळच्या चन्नवीरचा. दोघांनीही हात मागे घेतले. दार बंदच राहिलं.

दोघांचंही काम यीस्टवर. पेशीतला डीएनए आरपार तुटला, की चन्नवीर अभ्यासायचा ते एन्झाइम तुटकी टोकं आधी आणखी कातरतं आणि एक धागा मोकळा करतं. मग पंचशीलाचं एन्झाइम त्या धाग्याला धरून तशीच दुसरी प्रत शोधतं, आणि तिच्यावरून दुरुस्ती होते. एकट्याचं काम नव्हे. एवढं एकमेकांना पटवायला त्यांना रोज चहाला बसावं लागायचं, म्हणे.

"तुझं एन्झाइम नुसती तोडफोड करायलंय."

"मी न्हाई कातरलो तर तू काय शोधणार, अक्का?"

"अक्का म्हणू नको…"

"कामून?"

ती कपात बघायची. तो तिच्याकडे.

मग एका रविवारी त्याची आई, सावित्रम्मा, भाकरीचा डबा घेऊन आली. पंचशीलाकडे बघत तिनं विचारलं, "ही कुणाच्यातली रे?"

"लॅबमधली, अव्वा. चल, बस जाईल तुझी!"

पंचशीला बौद्ध घरातली. तिला प्रश्न कळला, आणि त्याची घाईही. दुसऱ्या दिवसापासून चहा बंद.

"सोड की आता," तो इनक्युबेटरपाशी म्हणाला.

"घाईनं चिकटवलं की चूक आतच राहती. घरात जात न मानणाऱ्या बसवण्णांची वचनं म्हणता, अन् माझं घर सांगताना जीभ अडकती व्हय?"

त्यानं तिथंच फोन लावला.

"अव्वा… ती पंचशीला. बौद्धाची हाय. मी लपवलो. मला तिच्याशीच लगीन करायचंय."

पलीकडून फोन कट.

"लगीन? मला कधी विचारलास?" पंचशीला म्हणाली.

"घे, आणखीच तुटलं!" त्याचा चेहरा यीस्टच न उगवलेल्या प्लेटसारखा.

"तुटलेलं होतंच. तू आता कुठं कातरलास." रविवारनंतर ती पहिल्यांदा हसली.

फोन पुन्हा वाजला. अव्वा. त्यानं अंगठा पुढं नेला, मागं घेतला…

"दे इकडं," पंचशीला म्हणाली. "इथून पुढं माझं काम."

तिनं फोन कानाला लावला.

"नमस्कार, अव्वा… व्हय. मीच ती."