हद्दीवरचा वाटसरू

दार लोटून घ्या आणि जवळ सरका. जे सांगतो ते माझ्या एका स्नेह्याच्या बाबतीत घडलेले आहे, आणि त्याची वाणी असत्याने कधी विटाळली नाही.

तो मोजणी खात्यात होता. दोन जिल्ह्यांच्या सीमेवरून जाणारा रस्ता रुंद व्हायचा होता आणि कडेला एक जुना, अक्षरे कोरलेला दगड उभा होता. तो ज्या जिल्ह्यात असेल, त्यानेच हलवायचा, असा वरून हुकूम. माझ्या स्नेह्याने सीमेची खुंटी शोधली, फीत लावली. दगड वीतभर पलीकडच्या हद्दीत भरला. प्रश्न मिटला.

आठवड्याने पुन्हा मोजले, तर दगड हातभर अलीकडे. खुंटी जागची हलली नव्हती. दगडाच्या बुडाशी मात्र माती ताजी उकरलेली.

पलीकडच्या जिल्ह्याचा मोजणीदार म्हणजे ह्याचा सख्खा साडू. संशय हा असा पाहुणा, की बसायला पाट दिला तर अंथरूण मागतो. ह्याने तक्रारअर्ज लिहून काढला. अर्ज गेला असता, तर निवृत्तीला वर्ष उरलेला साडू घरी बसला असता.

बायको एवढेच म्हणाली, "माझ्या बहिणीच्या घरची चूल विझवायला निघालाच आहात, तर एकदा डोळ्यांनी बघून तरी या."

नोव्हेंबरातला दुसरा गुरुवार. आकाशात चंद्र नाही. पावणेबाराला अर्ज खिशात घालून हा दगडापाशी पोहोचला. पलीकडच्या अंगाला कानटोपी घालून कोणी उकिडवे बसले होते.

"सापडलात ना, साडूबुवा?"

"मी? अहो, मी तुम्हाला धरायला आलोय. परवा दगड माझ्याकडे कोणी ढकलला?"

"माझ्या कंबरेला भरलेला सिलिंडर उचलत नाही."

"घर बदलताना कपाट उचलायला बोलावलं, तेव्हाही कंबरच पुढे केली होतीत."

दोघे दगडाच्या दोन बाजूंना बसले. पाठ कोणी कोणाकडे केली नाही. वेळ जाईना, म्हणून ह्याने बॅटरी दगडावर धरली. इतके दिवस त्याने दगड मोजला होता, वाचला नव्हता.

‘येथे एक आजारी वाटसरू पडला. दोन्हीकडच्या चौक्यांनी आमचा नव्हे म्हणून त्यास रात्री पलीकडे ओढून ठेविले. तिसरे दिवशी तो मेला.’

"म्हणजे पहिले दोन दिवस जिवंत होता," साडू म्हणाला.

समोरच्याचे गडी येतील, आपल्याला उजेडात पाहून परत फिरतील, असे दोघांच्याही मनात. दोघांनीही बॅटऱ्या विझवल्या.

एक वाजून वीस मिनिटे.

सर्र...

खडीवरून काही ओढल्याचा आवाज. थांबला. मग उलट दिशेने.

सर्र...

"थांबवा तुमच्या माणसाला," हा कुजबुजला.

"माझं कोणी नाही."

"मग कोण ओढतंय?"

"माझे हात धरा. दोन्ही धरा, म्हणजे खात्री पटेल."

ह्याने दगडावरून हात पुढे केले. साडूचे दोन्ही हात हाती आले. घामाने भिजलेले.

सर्र... आता अगदी जवळ.

थांबला.

दोघांच्या मधून, खालून, जमिनीलगत, कोणी दमलेल्या आवाजात विचारले...

"ठरलं का... बाबांनो?"

ह्याला देवाचे नाव आठवेना. आठवला तो एकच शब्द, आणि तो बाहेर पडला.

"आमचा."

त्याच श्वासाला पलीकडून साडूही म्हणाला, "आमचा."

नंतर काही नाही. वारा नाही. रातकिडा नाही. हात मात्र उजाडेपर्यंत कोणी सोडले नाहीत.

फटफटले, तेव्हा ह्याने खिशातला अर्ज साडूच्या हातात दिला. त्याने सगळा वाचला. मग स्वतःच्या खिशातून तसाच एक काढला. दोन्ही फाडले.

निघताना ह्याची नजर खाली गेली. रात्री दव इतके पडले होते, की गवत, खडी, खुद्द दगडसुद्धा निथळत होता. दगडाच्या पायथ्याशी तेवढी एक जागा कोरडी होती. लांबी पुरुषभर.

डोके पलीकडच्या जिल्ह्यात. पाय ह्याच्या.