तिसरं टेंगूळ

ठक्क... असा आवाज आला आणि शिवकन्येनं नकाशातून मान वर काढली. काळ्या सागवानी तुळईखाली एक उंचापुरा तरुण कपाळ धरून उभा होता.

"ही तुळई इतक्या खाली कुणी बसवली?"

"मी. इथून वाकून यायचं असतं."

"आमच्याच खानावळीत?"

म्हणजे हा वीरेश. महादेवप्पांचा लेक, कालच हैदराबादहून कायमचा परतलेला.

अहमदपूरजवळ, लातूर-नांदेड रस्त्यावर महादेवप्पांची शाकाहारी खानावळ. ते लेकीकडं इंग्लंडला गेले आणि तिथला चारशे वर्षांचा एक पब बघून आले. "दारू सोडली, तर समदं मनात भरलं बघ," म्हणत फोटो घेऊन ते उदगीरला शिवकन्येच्या दारात उभे राहिले. तिचं हे पहिलंच स्वतःचं काम. बुटकं छत, जाडजूड तुळया, भिंतीतली शेकोटी, दुधी काचेच्या खिडक्या... दारूच्या पिंपांच्या जागी तिनं ताकाचे रांजण मांडले. आणि त्या तुळईपलीकडं दोघांपुरती आडोशाची खोली केली, जिच्या झरोक्यातून चुलीवरची भाकरी थेट हातात यावी.

"तुळई हातभर वर घ्या," वीरेश म्हणाला. "गिऱ्हाइकं डोकी फोडून घेतील."

"वर घेतली की ह्याचं मंगल कार्यालय होतंय. मग दुसरा आर्किटेक्ट बघा. मी चालले."

शेकोटीपाशी उभे असलेले महादेवप्पा मिशीत हसले. "भांडू नगा. वीरेश, आठ दिवस तू इथून ये-जा कर. आजचं धरून तीनदा लागलं, तर तुळई वर. न्हाई तर हाय तिथंच. लागलं की खरं सांगायचं मात्र."

दिवस श्रावणाचे. सर यायची, काचा धुऊन जायची, मागून ऊन यायचं आणि ताकाचा पेला घेऊन वीरेश यायचा. चौथ्या दिवशी ती शिडीवर होती. त्यानं विचारलं, "उंच माणसांवर तुमचा राग हाय का?" ती हसली, आणि... ठक्क.

"दोन," ती म्हणाली.

"तुम्ही हसलात म्हणून लागलं. हे धरायचं न्हाई."

"तुळईला काय कळतंय हसणं?"

पण त्या दिवसापासून तो जवळ आला, की तिच्याच तोंडून हळूच निघायचं, "वाका..." तुळईची काळजी, असं ती मनाला सांगायची. मन काही ऐकायचं नाही.

सोमवारी ती उरलेल्या काचा आणायला उदगीरला गेली. मंगळवारी परतली, तो आठवा दिवस. वीरेश आडोशाच्या खोलीत बसला होता. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे – नेहमीचे नव्हेत, भिंतीला गिलावा करावा तसे जाड.

"एवढी विभूती?"

"श्रावणी सोमवार हाय ना."

"तो काल होता."

त्याचा हात कपाळाकडं गेला. तिनं बोटानं मधला पट्टा पुसला. खाली लिंबाएवढं टेंगूळ.

"हे तिसरं," ती म्हणाली. "कधी लागलं?"

"काल. उदगीरची गाडी थांबल्यासारखी वाटली... पळत निघालो."

"मग सांगितलं का नाही? खरं सांगायचं ठरलं होतं."

"सांगितलं असतं तर तुळई गेली असती." त्यानं नजर खाली घातली. "तुळईमागं तुम्हीबी गेला असता... मग ह्या दोघांच्या खोलीत मी एकटाच बसू का?"

बाहेर सर आली. काचेवर थेंबांची टिपटिप, आणि तिच्या छातीतही तशीच.

"अप्पांना खरं सांगावं लागेल," ती म्हणाली.

"सांगतो. तुळई वर गेली तरी... थांबाल?"

"थांबेन," म्हणत ती घाईनं बाहेर वळली. तिच्यापेक्षा ती तुळई वीतभर उंच, कधी वाकायची वेळच आली नव्हती. पण नजर मागं राहिली होती. चौकटीच्या खांबावर कपाळ आपटलं – ठक्क.

पलीकडून महादेवप्पांचा आवाज आला, "कुणाला लागलं रं?"

"दोघांनाबी, अप्पा," वीरेश म्हणाला. त्यानं आपल्या कपाळावरची विभूती अंगठ्यावर घेतली आणि अलगद तिच्या टेंगळाला लावली.

महादेवप्पा बेतानं वाकून आत आले. दोघांची कपाळं बघितली. मग तुळईवर थाप मारून म्हणाले, "ऱ्हाऊ दे हिला हितंच. लई कामाची हाय."